कायदा गेला, नियम राहिला

समजा, 2011 सालच्या जुलै महिन्यात अन्न निरीक्षकाने एका दूधवाल्याच्या कॅनमधून नमुना घेतला. रीतीप्रमाणे दुधाचे तीन भाग केले, बाटल्यांत फॉर्मेलिनचे थेंब टाकले, बुचं बसवून लाखेने सील केली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि एक बाटली प्रयोगशाळेकडे रवाना केली. अहवालासाठी कायद्याने चाळीस दिवसांची मुदत दिलेली. तेवढ्यात 5 ऑगस्ट उजाडला आणि ज्या कायद्याच्या जोरावर हा नमुना घेतला होता, तो 1954 चा अन्नभेसळ प्रतिबंध कायदाच रद्द झाला. मग अहवाल आला. दुधात पाणी.

आता त्या दूधवाल्याचं काय करायचं? चहाच्या टपरीवर विचारलं तर दोनच उत्तरं मिळतील. एक म्हणेल, सुटला बेटा, कायदाच राहिला नाही तर खटला कसला. दुसरा म्हणेल, त्यात काय, नवीन कायद्याखाली धरायचा. गंमत अशी की दोघंही चुकतात. दूधवाला सुटत नाही आणि नवीन कायद्याखाली त्या जुन्या कृत्याबद्दल त्याला धरताही येत नाही. त्याच्यावर खटला चालतो तो रद्द झालेल्या कायद्याखालीच.

हे कसं शक्य होतं, आणि फक्त खटलेच नाही तर परवाने, दुधातल्या फॅटची मापं, लेबलांचे नियम हे सगळं जुन्या कायद्यातून नव्यात कसं येतं, ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्या ताटातल्या आणि औषधाच्या कपाटातल्या बऱ्याच वस्तूंचे नियम असे दोन-दोन, तीन-तीन कायद्यांचा प्रवास करून आलेले आहेत.

मुळात अडचण काय?

इंग्रजी कायद्याच्या जुन्या परंपरेत रद्द झालेला कायदा म्हणजे जणू कधी झालाच नव्हता, असं धरत असत. तो चालू असताना जे व्यवहार पुरे झाले तेवढेच वाचायचे, अर्धवट राहिलेलं सगळं कोसळायचं. हे परवडणारं नव्हतं. म्हणून 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये, म्हणजे सरकारी मराठीतल्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात, एक कायमची तजवीज करून ठेवलेली आहे. त्याचं कलम 6 सांगतं की, एखादा कायदा रद्द झाला तरी त्याखाली आधी मिळालेले हक्क, अंगावर आलेली देणी, घडलेले गुन्हे आणि त्यांचा तपास यांना धक्का लागत नाही. नव्या कायद्यातून वेगळा हेतू दिसत असेल तरच गोष्ट वेगळी. कलम 24 म्हणतं की, जुना कायदा रद्द करून त्याच विषयावर नवा आणला, तर जुन्याखाली केलेले नियम आणि आदेश नव्याशी विसंगत नसतील तेवढे चालू राहतात.

गावाकडच्या माणसाला हे सातबाऱ्यावरून चटकन कळेल. जमीन विकली, फेरफार झाला, नवं नाव चढलं. पण इतर हक्कांच्या रकान्यातला सोसायटीचा बोजा जागचा हलत नाही. विहिरीतल्या पाळ्या, शेजाऱ्याची वहिवाटीची वाट हेही नव्या मालकाच्या वाट्याला येतं. नाव बदललं म्हणून जमिनीवरच्या देण्याघेण्याचा हिशेब कोरा होत नाही. कायदा बदलतो तेव्हाही असा फेरफार लागतो, आणि तो नव्या कायद्याच्या अगदी शेवटच्या पानांवर लिहिलेला असतो. 'निरसन व व्यावृत्ती' असं त्याचं जडजंबाल नाव. निरसन म्हणजे काय रद्द केलं ते, व्यावृत्ती म्हणजे रद्द करतानाही काय वाचवलं ते.

अन्नाच्या बाबतीत हा फेरफार अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 याच्या कलम 97, 98 आणि 99 मध्ये आहे. हा कायदा 2006 च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला. पण त्याखालचं प्राधिकरण, ज्याला आपण एफएसएसएआय म्हणून ओळखतो, ते 2008 मध्ये उभं राहिलं आणि सविस्तर नियम-विनियम लागू व्हायला 5 ऑगस्ट 2011 उजाडावा लागला. त्या दिवशी भेसळीचा जुना कायदा गेला. सोबत गेलेल्यांची यादी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे: फळप्रक्रियेचा 1955 चा आदेश, मांसपदार्थांचा 1973 चा, दुधाचा 1992 चा, खाद्यतेलाच्या पॅकिंगचा 1998 चा, वनस्पती तेलाचा आदेश तर थेट 1947 चा. इतक्या निरनिराळ्या खात्यांची कागदपत्रं एका दावणीला बांधायची हा या कायद्याचा मूळ हेतू होता. बांधताना कोणती गोष्ट किती दिवस जुन्या पद्धतीने चालू द्यायची, हे प्रत्येकीसाठी वेगळं ठरवावं लागलं.

मापं: नवीन येईपर्यंत जुनीच

कायदा स्वतः कधी सांगत नाही की श्रीखंडात फॅट किती हवं. तो फक्त म्हणतो, मानकांपेक्षा हलकं विकू नका. मानकं लिहिलेली असतात खालच्या नियमांत. आता जुना कायदा गेला की त्याचे नियमही जाणार, आणि नवी मानकं तयार व्हायला वर्षं लागणार. मधल्या काळात दूध कशाला म्हणायचं, हळद कशाला म्हणायचं, हेच ठरलेलं नसेल तर भेसळ कशी पकडणार?

इथे कलम 98 कामाला येतं. ते म्हणतं: रद्द झालेल्या कायद्यातली आणि आदेशांतली मानकं, सुरक्षिततेच्या अटी आणि इतर तरतुदी, नवी मानकं ठरेपर्यंत अमलात राहतील. शिवाय जुन्याखाली जे काही केलं ते नव्याच्या जुळत्या तरतुदीखाली केलं असं मानलं जाईल. मला विचाराल तर या अख्ख्या कायद्यातलं हे सर्वांत कमी वाचलं जाणारं आणि सर्वांत जास्त राबलेलं कलम आहे.

दुधाचंच उदाहरण घ्या. जुन्या नियमांत दुधाचा एक राज्यवार तक्ता होता. म्हशीच्या दुधाला महाराष्ट्रात किमान 6 टक्के फॅट हवं, गोव्यात 5 टक्के चालेल. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, दोन्हीकडे 9 टक्के. परिणाम असा की, साडेपाच फॅटचं म्हशीचं दूध बांद्याला विकलं तर भेसळीचं, आणि पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात नेलं की चोख. म्हैस तीच, वैरण तीच. हा तक्ता कुणाला तर्कशुद्ध वाटो न वाटो, 2011 ची नवी मानकं आली तेव्हा तो जवळपास जसाच्या तसा त्यांत उतरला. गाईच्या दुधाला महाराष्ट्रात 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हे जुनं मापही तसंच आलं. पुढे ते बदलून गाईच्या दुधासाठी देशभर 3.2 आणि 8.3 असं एकच माप झालं आणि तेव्हा कुठे जुन्या आकड्याची कायदेशीर सत्ता संपली. लोकांच्या तोंडून तो गेला नाही हा भाग वेगळा. दूधदराच्या वादात '3.5-8.5' ही जोडी अजून ऐकू येते.

याहून जुना, आणि मला फार आवडणारा प्रवासी म्हणजे वनस्पती तुपातलं तिळाचं तेल. डालड्यासारखं वनस्पती स्वस्त, आणि दिसायला तुपासारखं. साजूक तुपात ते मिसळलं तर डोळ्यांना कळत नाही. म्हणून नियमाने एक युक्ती केली. वनस्पती बनवणाऱ्यानेच त्यात किमान 5 टक्के तिळाचं तेल घालायचं. ते चवीसाठी नव्हे, खूण म्हणून. तिळाच्या तेलातल्या एका घटकाची अशी खोड आहे की, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरॉलचे काही थेंब यांच्याबरोबर तो लालसर रंग देतो. तपासनीस संशयित तूप वितळवतो, परीक्षानळीत तेवढंच आम्ल ओततो, फरफ्युरॉल टाकून नळी जोरात हलवतो आणि ठेवून देतो. खाली बसलेला आम्लाचा थर गुलाबी झाला तर तुपात वनस्पती आहे. शुद्ध तूप असेल तर तो गुलाबी होत नाही. याला बोडोइन चाचणी म्हणतात. चोराने स्वतःच्या हाताने अंगावर रंग लावून यायचं, अशी ही व्यवस्था!

भेसळ कायद्याच्या नियमांत ही अट फार बारकाईने लिहिली होती. वनस्पती आणि शुद्ध केलेलं शेंगदाणा तेल 20 ला 80 या प्रमाणात मिसळून चाचणी केली तर एक सेंटिमीटरच्या काचेत लाल रंग लोविबाँड मोजपट्टीवर 2.0 पेक्षा फिका असता कामा नये. 2011 च्या मानकांत हे वाक्य आकड्यांसकट पुन्हा भेटतं. कायद्याचं नाव बदललं, निरीक्षकाचं पद बदललं, पण परीक्षानळीतला तो गुलाबी रंग चालत आला.

भेसळीचा 1954 चा कायदाही असाच आधीच्यांचा वारस होता. त्याच्याआधी प्रांतोप्रांतीचे कायदे होते. मुंबई इलाख्याचा 1925 चा होता. ते सगळे रद्द करताना 1954 च्या कायद्याच्या कलम 25 ने म्हटलं होतं की, त्यांच्याखालचे नियम आणि उपविधी, नव्याशी विसंगत नसतील तर, नवे नियम होईपर्यंत चालू राहतील. म्हणजे कलम 98 ची ही कल्पना काही 2006 ची नवलाई नव्हे.

परवाने: मुदत संपेपर्यंत, आणि मग मुदतवाढ

ज्यांनी नव्वदच्या दशकात किराणा भरला आहे त्यांना लोणच्याच्या, जॅमच्या बरणीवरची एफपीओची खूण आठवत असेल. फळं-भाज्यांच्या प्रक्रियेचा परवाना त्या 1955 च्या आदेशाखाली केंद्राकडून मिळायचा. तोच कारखानदार शेजारी फरसाणही विकत असेल तर त्याला भेसळ कायद्याखाली राज्याचा वेगळा परवाना लागे. आता या सर्वांच्या जागी एकच चौदा आकडी क्रमांक छापला जातो. पण एका रात्रीत देशभरच्या बरण्या बदलणार कशा?

कलम 97 च्या पोटकलम 3 ने सरळ तोडगा काढला. जुना परवाना त्याच्या मुदतीपर्यंत चालेल, जणू काही तो नव्या कायद्याखालीच दिलेला आहे. या 'जणू काही'मध्ये दोन्ही बाजूंचं काम होतं. परवानाधारकाला धंदा बंद ठेवावा लागत नाही आणि तो नव्या कायद्याच्या शिस्तीतून निसटतही नाही. परवाना जुना असला तरी तपासणी नव्या अधिकाऱ्याची, अटी नव्या.

सर्वांत मजेशीर नशीब दुधाच्या 1992 च्या आदेशाचं. दिवसाला 10,000 लिटरपेक्षा जास्त दूध हाताळणाऱ्या डेअरींना त्याखाली नोंदणी लागे. दुसऱ्या अनुसूचीत रद्द झालेल्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. आणि रद्द करणाऱ्या कलम 97 च्या दोनच कलमं पुढे, कलम 99 मध्ये, तोच आदेश अन्न प्राधिकरणाने केलेले 'विनियम' समजावा असं लिहिलं आहे. एकाच कायद्यात अंत्यविधीही आणि बारसंही. कायदा लिहिणाऱ्यांनी हे दुधाच्या साखळीत खंड पडू नये म्हणून केलं हे उघड आहे. पण सर्व जुन्या आदेशांत या एकालाच असं दत्तक का घेतलं, हे कलमात कुठे सांगितलेलं नाही.

व्यवहारात मात्र परवान्यांची गाडी रखडली. परवान्याविषयीच्या 2011 च्या विनियमांनी जुन्या परवानाधारकांना नव्यात येण्यासाठी एक वर्ष दिलं. ते वर्ष सरलं, मुदत वाढली. पुन्हा सरली, पुन्हा वाढली. असं करत करत शेवटची तारीख 4 मे 2016 वर जाऊन थांबली. एका वर्षाची सवलत जवळजवळ पाच वर्षं चालली. लहान व्यापाऱ्यांच्या संघटनांनी त्यासाठी जोर लावला होता आणि त्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. तरी एक तोटा झालाच. जो दुकानदार पहिल्याच वर्षी रांगेत उभा राहून, फी भरून, नव्यात आला, तो मूर्ख ठरला. पुढच्या कुठल्याही अखेरच्या तारखेवर बाजाराचा विश्वास का बसावा?

खटले: गुन्हा जुना, शिक्षा कोणती?

आता आपल्या दूधवाल्याकडे येऊ. कलम 97 च्या पहिल्याच पोटकलमात म्हटलं आहे की, जुन्या कायद्याखाली घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा, तिचा तपास आणि खटला यांवर रद्द होण्याचा परिणाम होणार नाही. नवा कायदा झालाच नाही असं समजून ते पुढे चालवायचे. म्हणून त्याच्यावर 1954 चाच कायदा लागू. फक्त एक कुंपण आहे. नवा कायदा सुरू झाल्यापासून तीन वर्षं उलटली की जुन्या कायद्याखालच्या गुन्ह्याची कोर्टाने नव्याने दखल घ्यायची नाही. आधी दाखल झालेली प्रकरणं चालू राहतात. कपाटात पडून राहिलेली फाइल मात्र तिथेच राहते. कायद्याची निरनिराळी कलमं निरनिराळ्या तारखांना लागू झाली असल्याने 'सुरू झाल्यापासून' म्हणजे नेमकं कधीपासून, यावर वकिलांना भांडायला जागा उरली, ती वेगळी.

पण इथे एक खरा पेच आहे. जुन्या कायद्यात भेसळीला किमान सहा महिने कैद आणि हजार रुपये दंड होता, आणि 'भेसळ' या एका टोपलीत सगळं यायचं. फॅट कमी भरलं तरी भेसळ, विषारी रंग घातला तरी भेसळ. नव्या कायद्याने टोपल्या वेगळ्या केल्या. नुसतं हलक्या प्रतीचं अन्न असेल तर तुरुंग नाही. पाच लाखांपर्यंत दंड, तोही कोर्टाऐवजी अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी किंवा वरच्या दर्जाचा न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. चुकीच्या किंवा अपुऱ्या लेबलाला तीन लाखांपर्यंत दंड. असुरक्षित अन्नाला मात्र कैद, आणि त्याने कुणाचा जीव गेला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप. म्हणजे त्याच पाणी घातलेल्या दुधाला जुलैमध्ये तुरुंग आणि सप्टेंबरमध्ये दंड.

शिक्षा वाढली असती तर प्रश्न सोपा होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 नुसार, गुन्हा घडला त्या वेळच्या कायद्यात होती त्याहून मोठी शिक्षा देताच येत नाही. शिक्षा कमी झाली असेल तर? याचा निकाल भेसळीच्याच एका जुन्या प्रकरणात लागला आहे. पश्चिम बंगालने केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करून भेसळीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली होती. तिथे 1975 मध्ये एक गुन्हा घडला. मग 1976 मध्ये केंद्राने स्वतःची दुरुस्ती आणली आणि त्या प्रकारच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा तीन वर्षांवर आली. सुप्रीम कोर्टाने आरोपीला या सौम्य शिक्षेचा फायदा दिला. समाजानेच, म्हणजे त्याच्या विधिमंडळाने, एखाद्या कृत्याकडे सौम्यपणे पाहायचं ठरवल्यावर जुन्या माणसावर कडक फूटपट्टी का चालवायची, असा त्यामागचा विचार.

हाच धागा 2024 च्या मार्चमध्ये पुन्हा पुढे आला. प्रकरण पुन्हा पश्चिम बंगालचं. 2000 सालच्या डिसेंबरमध्ये एका दुकानातून साखरेच्या गोळ्यांचा नमुना घेतला होता. गोळ्यांत भेसळ नव्हती. लेबलवर उत्पादनाची तारीख आणि पुरता पत्ता नव्हता. खटला जुन्या कायद्याखाली चालला आणि शिक्षा तीन महिने कैदेची उरली. सुप्रीम कोर्टापर्यंत पोचेस्तोवर त्याच चुकीला नव्या कायद्यात कैदच राहिलेली नव्हती. कोर्टाने दोष कायम ठेवला, पण कैदेच्या जागी 50,000 रुपये दंड केला. लेबलवर तारीख नसल्याचा निकाल तेवीस वर्षांनी.

┌─────────────────────────────
चौकट: नवा कायदा हातात आला तर

शेवटची दोन-तीन पानं आधी उघडा. 'तोपर्यंत' असं असेल तिथे जुनी मापं चालू असतात आणि बहुधा ठरलेली तारीख नसते. 'मुदत संपेपर्यंत' असेल तिथे परवान्यावरची तारीख पाहायची. 'हा कायदा झालाच नाही असं समजून' असेल तिथे जुने खटले जुन्याच नियमांनी चालतात. यांपैकी काहीच लिहिलेलं नसेल तर 1897 चा कायदा मदतीला असतो.
└─────────────────────────────

नावं बदलली, संदर्भांचं काय?

एका कायद्यात दुसऱ्या कायद्याचं नाव असतं. बाळाच्या दुधाच्या पर्यायांवर निर्बंध घालणाऱ्या 1992 च्या कायद्यात जागोजागी 1954 च्या भेसळ कायद्याचा उल्लेख होता. नव्या कायद्याच्या कलम 100 ने तिथे जाऊन जुनं नाव खोडून नवं लिहिलं. असं हाताने खोडणं राहून गेलं तरी जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 8 आहे: रद्द करून पुन्हा नव्याने केलेल्या कायद्याचा जुना उल्लेख म्हणजे नव्याचाच उल्लेख समजायचा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. भेसळीचं जुनं कलम 272 आता 274 झालं. कुठल्या परिपत्रकात जुना आकडा राहिला म्हणून ते निकामी होत नाही.

गुटख्याची गोष्ट

नियम पुढे नेण्याचा सर्वांत ठळक परिणाम महाराष्ट्राने पाहिला तो गुटख्याच्या बाबतीत. राज्याने 2002 मध्ये गुटख्यावर बंदी घातली होती, भेसळ कायद्याने राज्याच्या अन्न (आरोग्य) प्राधिकाऱ्याला दिलेल्या अधिकारातून. सुप्रीम कोर्टाने 2004 मध्ये ती टिकू दिली नाही. तो अधिकार साथीसारख्या तात्पुरत्या, स्थानिक संकटासाठी आहे. एखादा पदार्थ दीर्घकाळ बंद करायचा तर ते केंद्राने नियम करून करावं, असा त्या निकालाचा सारांश.

मग केंद्राच्या जुन्या नियमांत एक छोटं वाक्य आलं: कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरू नये. नियम 44-जे. कायदा 2011 मध्ये बदलला, पण हे वाक्य बदललं नाही. नव्या विनियमांत 2.3.4 क्रमांक घेऊन ते जसंच्या तसं बसलं. त्यालाच धरून 2012 च्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेशाने आणि जुलैमध्ये महाराष्ट्राने गुटखा बंद केला. नव्या कायद्याने मात्र अन्न सुरक्षा आयुक्तांच्या बंदीच्या आदेशाला एक वर्षाची मर्यादा घातली आहे. म्हणून ही बंदी एकदा घालून संपली नाही. दरवर्षी नवा आदेश काढावा लागतो. वाक्य जुन्या कायद्यातून आलेलं आणि आदेशाची मुदत नव्या कायद्याची, असा हा जोड आहे. पानटपरीवर बंदी किती पाळली जाते हे ज्याने त्याने आपल्या नाक्यावर पाहावं.

औषधांचा कायदा: उलटी तऱ्हा

अन्नात कायदा बदलला आणि नियम राहिले. औषधांत कायदा राहिला आणि त्याच्या पोटातलं बदलत गेलं. आपला औषधांचा कायदा 1940 चा, म्हणजे ब्रिटिश आमदानीतला. त्याआधी रामनाथ चोप्रांच्या समितीने 1930-31 मध्ये बाजारातल्या औषधांची दैना तपासली होती. त्याखालचे नियम 1945 चे. देश स्वतंत्र झाला, 1950 मध्ये राज्यघटना आली, तेव्हा हा कायदा कुणी नव्याने केला नाही. घटनेच्या अनुच्छेद 372 ने सांगितलं की, चालू असलेले कायदे सक्षम विधिमंडळ बदलेपर्यंत चालू राहतील. गोव्यात 1961 च्या मुक्तीनंतर हेच घडलं. 1962 च्या प्रशासन कायद्याने तिथले पोर्तुगीज कायदे, बदलेपर्यंत, कायम ठेवले, आणि भारतीय कायदे एकेक करून तिथे लागू करावे लागले.

औषधांच्या कायद्यात 1962 मध्ये सौंदर्यप्रसाधनं शिरली, 1964 मध्ये आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधं आली. पुढे 1945 च्या नियमांतून मोठाले तुकडे बाहेर काढले गेले: 2017 मध्ये वैद्यकीय उपकरणांचे, 2019 मध्ये नवीन औषधं आणि चाचण्यांचे, 2020 मध्ये सौंदर्यप्रसाधनांचे वेगळे नियम झाले. प्रत्येक वेळी परवान्यांचा तोच प्रश्न. उपकरणांच्या नियमांनी त्याचं उत्तर अन्नापेक्षा शहाणपणाने दिलं. जुना परवाना त्याच्या मुदतीपर्यंत किंवा अधिसूचनेपासून अठरा महिने, यांतलं जे नंतर येईल तोपर्यंत चालेल. ज्याचा परवाना पुढच्याच महिन्यात संपत होता त्यालाही श्वास घ्यायला वेळ मिळाला आणि सर्वांना पहिल्या दिवशी आपली तारीख कळली.

केंद्र सरकारने 2022 मध्ये 1940 च्या कायद्याच्या जागी आणायच्या नव्या कायद्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला. असा कायदा ज्या दिवशी येईल त्या दिवशी एक अडचण उभी राहील, जी अन्नाच्या वेळी इतक्या सरसकट नव्हती. केमिस्टच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेले नमुना 20 आणि 21 चे परवाने 2017 च्या दुरुस्तीपासून मुदतीचे राहिलेले नाहीत. दर पाच वर्षांनी फी भरत राहायची, परवाना चालूच. त्यामुळे 'मुदत संपेपर्यंत चालेल' हे कलम 97 मधलं वाक्य उचलून इथे लावलं, तर तो शेवट कधी येणारच नाही. मसुदा करणाऱ्यांना महिन्यांचा एक आकडा लिहावाच लागेल, आणि केमिस्टांनी नव्या कायद्यात सर्वांत आधी शोधायचा तो हाच.